आडनाव गेलं, पत्ता राहिला

पीएचडीसाठी चेन्नईला आल्यावर पहिलं वर्ष वसतिगृहात काढलं. दुसऱ्या वर्षी मी आणि माझी एक मैत्रीण भाड्याचं घर शोधायला लागलो. शहराच्या दक्षिणेला जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या कडेने (सगळे त्याला ओएमआर म्हणतात) घरं जरा परवडतात, असं ऐकलं होतं. २००० साली तरमणीत टायडेल पार्क सुरू झालं आणि त्यानंतर हा सगळा पट्टा बदलत गेला. भातखाचरं आणि दलदल होती तिथे काचेच्या कंपन्या आल्या, त्यांच्या मागे पंधरा-वीस मजली गृहसंकुलं आली. आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहताहेत.

दलालाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, व्हेज की नॉनव्हेज? दुसरा, नेटिव्ह कुठलं? मुंबई सांगितलं की तो गोंधळायचा. माझं आडनाव इथे कुणाला काही सांगत नाही. चेंबूरला लहानाची मोठी होताना ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारा छोटासा विराम मला पाठ होता. इथे तो नव्हता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला फार हलकं वाटलं.

त्यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली. नावापुढची जातीची बिरुदं सोडून द्या, असा ठराव तिथे झाला. पेरियारांनी स्वतःचं 'नायकर' टाकलं. आज तामिळनाडूत बहुतेकांच्या नावाला फक्त वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. जोशी, देशमुख, पाटील या आडनावांच्या जंगलात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे किती मोठं काम आहे ते चटकन कळतं. महाराष्ट्रात आपण ते करू शकलो नाही.

पण जात ओळखायची गरज संपली नसेल, तर ती ओळखायची दुसरी सोय होतेच. ती कोणती, हे मला एका घरमालकीणबाईंनी शिकवलं. भाडं ठरलं, अनामत ठरली. मी मांस खाते हेही त्यांनी "खिडकी लावून करा" एवढ्यावर चालवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, कशावर अभ्यास करतेस? मी म्हणाले, पेरुम्बाक्कमच्या पुनर्वसन वसाहतीवर. बाई थांबल्या. तोच चेंबूरचा विराम. म्हणाल्या, "अभ्यास कर, पण तिथली माणसं घरी आणायची नाहीत." गंमत म्हणजे त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी बाई रोज सकाळी पेरुम्बाक्कमहूनच यायची. ते घर मी घेतलं नाही.

पेरुम्बाक्कम म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. तामिळनाडूचं झोपडपट्टी निर्मूलन मंडळ १९७० सालचं. वस्ती आहे तिथेच पक्की घरं बांधायची, हा सुरुवातीच्या काळातला भर होता, आणि मध्य चेन्नईत त्या काळातल्या इमारती अजूनही दिसतात. पुढे शहरातल्या जमिनीचा भाव चढला. नदीकाठ मोकळा करायचा, पूल बांधायचे, रस्ते रुंद करायचे, अशी कारणं येत गेली आणि लोकांना शहराबाहेर नेणं हेच धोरण झालं. २००० च्या सुमारास कन्नगी नगर, मग सेम्मंचेरी, मग पेरुम्बाक्कम. एकट्या पेरुम्बाक्कममध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारतींत वीस हजारांहून जास्त घरं आहेत. डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची हजारो कुटुंबं इथे आणली गेली. पुरापासून वाचवायला, असं सांगितलं गेलं. आणलं कुठे, तर पल्लिकरणै दलदलीच्या शेजारी, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं. ही दलदल २०२२ पासून रामसर यादीत आहे. त्याच नद्यांच्या काठावर आणि त्याच दलदलीत उभ्या असलेल्या मोठ्या इमारती मात्र जागच्या हलल्या नाहीत.

या कुटुंबांत दलितांचं प्रमाण मोठं आहे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी शहराची गटारं, रस्ते, बाजार, बंगले चालवले. २०११ साली चेन्नई महापालिकेची हद्द १७४ वरून ४२६ चौरस किलोमीटर झाली. ओएमआरवरची बरीच गावं शहरात आली, पेरुम्बाक्कम बाहेर राहिलं. म्हणजे मध्य चेन्नईत जन्मलेली बाई ट्रकमध्ये सामान घालून वीस-पंचवीस किलोमीटर आली आणि उतरली ती ग्रामपंचायतीत. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहराकडे जायला सांगितलं. शहरच उचलून पुन्हा वेशीबाहेर ठेवेल, याचा हिशेब कोणी करायचा?

तमिळमध्ये 'ऊर' म्हणजे गाव आणि 'चेरी' म्हणजे दलित वस्ती. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात तेच. जुन्या तमिळमध्ये चेरीचा अर्थ नुसती वस्ती असाही होता, त्यामुळे नावात चेरी असलेलं प्रत्येक ठिकाण दलित वस्तीच होतं असं नाही. भाषाशास्त्र तिथेच सोडू. लोकांच्या मनात सेम्मंचेरीचा आज काय अर्थ आहे, हे कुठल्याही दलालाला विचारावं.

माझ्या अभ्यासातल्या एका अक्कांची मुलगी बी.कॉम. झाली आहे. घरापासून अर्ध्या तासावर आयटी कंपन्यांची रांग. तिने सुरुवातीला अर्जावर खरा पत्ता लिहिला. मुलाखतीत तिला विचारलं, तिथे फार गुन्हे होतात ना? दुसऱ्या ठिकाणी नुसतं "बरं" म्हणाले आणि पुन्हा फोन आला नाही. आता ती मैलापूरच्या मावशीचा पत्ता लिहिते. अक्कांना हे आवडत नाही. त्या म्हणतात, "खोटं बोलून मिळालेली नोकरी पत्ता तपासला की जाईल." मुलगी म्हणते, "खरं बोलून मिळालेली दाखव." कन्नगी नगरच्या कार्तिकाने २०२५ मध्ये बहारीनला युवा आशियाई स्पर्धेत कबड्डीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा पेपरांत वस्तीचं नाव पहिल्यांदा गुन्ह्याशिवाय छापून आल्यासारखं वाटलं. एका नावाला स्वच्छ व्हायला सुवर्णपदक लागावं, यावर अभिमान वाटावा की राग, मला ठरवता आलं नाही.

आणि हा सगळा भाग जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यातला. १८९१ साली इथल्या कलेक्टरने, ट्रेमनहीरने, दलितांच्या भूमिहीनतेवर अहवाल लिहिला. त्यातून १८९२ मध्ये मद्रास इलाख्यात सुमारे १२ लाख एकर 'पंचमी' जमीन दलितांना देण्याचं ठरलं, आणि ती इतरांना विकता येणार नाही अशी अट होती. आपल्याकडच्या महार वतनाचं आणि गायरानाचं पुढे काय झालं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. याच जिल्ह्यातल्या कारणै गावच्या पंचमी जमिनीसाठी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात जॉन थॉमस आणि एळुमलै मारले गेले. महानगर आता त्याच दिशेने सरकतं आहे. जिथे दलिताच्या नावावर जमीन होती तिथे ती हातची जाते, आणि जिथे कोणाला राहायचं नव्हतं तिथे त्याला चारशे चौरस फुटांचं घर मिळतं. उपनगर वाढतं ते असं, दोन्ही बाजूंनी.

घरी फोनवर हे सांगत होते तेव्हा आई म्हणाली, "माहुलसारखंच की." मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून माणसं चेंबूरजवळच्या माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात नेली होती. लोक लढले, उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिले. प्रदूषण मोजता येतं, म्हणून ते कोर्टात टिकलं. पत्त्यामुळे न आलेला फोन कोणत्या यंत्राने मोजणार?

मागच्या महिन्यात अक्कांच्या मुलीने मला तिचा बायोडेटा नीट करायला दिला. इंग्रजी तपासता तपासता तिने विचारलं, "तुम्ही पत्ता कुठला लिहिता?" मी संस्थेचा लिहिते. चेंबूरच्या आमच्या वस्तीचा मीही कधी लिहिलेला नाही.