संघाची योजना : पक्की की फिरती?

आपल्या व्यापारी संघाने पाच वर्षांची पक्की योजना आखावी व सामायिक गोदामासाठी आजच कर्ज काढावे, असा विचार तरुण सभासदांनी मांडला आहे. रविवार पेठेतील जागेची अडचण आम्ही जाणतो. त्यांचा उत्साह आम्हांस प्रिय आहे. योजना मात्र मान्य नाही.

गव्हाचाच दाखला घ्यावा. जून २०२३ मध्ये घाऊक व्यापाऱ्यांस ३००० टनांची साठामर्यादा लागली. सप्टेंबरात ती २०००, डिसेंबरात १००० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५०० टनांवर आली. पहिल्या आकड्याच्या भरवशावर बांधलेले गोदाम आठ महिन्यांनी कोणी भरले असते? पोती नसली तरी व्याज थांबत नाही, हे आमच्या वहीने आम्हांस चांगलेच शिकविले आहे.

फिरत्या योजनेचा प्रयोग देशात १९७८ साली झाला. सरकार बदलताच १९८० मध्ये तो सोडला गेला. दोष पद्धतीचा नव्हता, असे आमचे मत. संघाने दर दिवाळीस, वहीपूजन आटोपल्यावर, तीन वर्षांचा आराखडा मांडावा. पहिले वर्ष पक्के, पुढील दोन अंदाजाची. एक सरले की एक जोडावे.

कर्जाची मर्यादा मात्र दरवर्षी हलवू नये. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे. तसे संघाच्या ऋणाचे परिमाण एकदाच ठरावे, आणि ते सभासदांच्या ठेवींस हात न लावता फिटेल इतकेच असावे. गोदाम प्रथम वर्षभर भाड्याने घेऊन पाहावे. वार्षिक सभेत आम्ही हीच उपसूचना मांडणार आहोत. तरुण मंडळींनी आपले हिशेब घेऊन यावे.