समाजमाध्यमे आणि संधाय संभाषा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली स्नेहाची, दुसरी जिंकण्याची. व्हॉट्सॲपवरील वैद्यसमूहांत आम्हांस दुसरीच अधिक आढळते. बऱ्या झालेल्या रुग्णांचे अहवाल, क्वचित नावासह, झळकतात. फसलेल्या चिकित्सेविषयी मौन असते. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई आहे. तरी तसे दावे आपल्याच समूहांतून बाहेर जातात. अशाने व्यवसायबंधूंचा विश्वास जडत नाही. रुग्णाची ओळख झाकावी, अपयशही मांडावे, शंका विचारणाऱ्यास हिणवू नये. समूहात आपली चूक मोकळेपणाने सांगणाऱ्या वैद्याकडे आम्ही आमचा रुग्ण निःशंकपणे पाठवू.