मोबाईल झाला सांभाळणारा, लाड पडले महागात : सुरतच्या खान्देशी वस्त्यांतलं चित्र

सुरत : लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतल्या कुठल्याही गावात ही नावं घ्या, कुणाचा ना कुणाचा भाऊ, मेहुणा तिथे निघतोच. वडील लूमवर बारा तास, आई घरी साड्यांना लेस-टिकल्या लावते, आणि आजी-आजोबा गावाला. मग पोराला सांभाळायचं कुणी? उत्तर सगळ्यांना माहीत आहे : ‘पोऱ्याले मोबाईल दे.’

लाडावलेलं मूल म्हटलं की डोळ्यांपुढे श्रीमंताचं घर येतं. इथला लाड वेगळा. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, त्याला पोराशी बोलायला मिळत नाही. त्याची भरपाई तो रिचार्जमध्ये करतो, हप्त्यावर नवा फोन घेऊन करतो. पोराचं मन मोडवत नाही, कारण वेळ देता येत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या हट्टाला कारणही मिळालं. अभ्यासासाठी फोन घेतला गेला. शाळा उघडल्या, फोन काही परत आला नाही. आता त्याच फोनवर बापाचं यूपीआय असतं आणि पिन पोराला पाठ. गेममधली बंदूक, कपडे, ‘डायमंड’ विकत घेताना दहा-वीस रुपये जातात, महिनाअखेरीस दुकानदाराची उधारी मात्र तुंबते. पैसे एक वेळ भरून निघतील. पण फोन काढून घेतल्यावर जेवण सोडणारं, अंगावर धावून येणारं मूल ही घरातली खरी धास्ती आहे.

सरकारने काही केलंच नाही, असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये गुजरातच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांना पबजीपासून दूर ठेवण्याचं परिपत्रक काढलं. त्याच मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळणाऱ्या पोरांना चक्क अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजी मोबाईल बंद केला. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. बंदीचं हे असं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे. पण ज्या घरात वडिलांना ॲप पोरगाच टाकून देतो, तिथे संमतीचं बटण कोण दाबणार, हे सांगायला नको.

गावाकडे पाठवलं तर सुधारेल, हाही भ्रमच. ‘असर २०२४’ अहवाल ग्रामीण भारताचा आहे. त्यात १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून जास्त मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, तर अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे नवापूर ओलांडून उन्हाळ्यात मामाच्या गावी गेलेलं पोरगं तिथेही ओट्यावर मान खाली घालूनच बसणार.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण तो भोंगा लिंबायतमध्ये चालेल का? तिथे मुलासोबत बसायला मोठं माणूस घरात असतं. इथल्या अनेक कारखान्यांत सातच्या सुमारास पाळी बदलते. एक बाप निघालेला असतो, दुसरा अजून पोचलेला नसतो. खोली दहा बाय दहाची, बाहेर गल्लीत गाड्या.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्यांची मैदानं आणि दोन-तीन वर्ग संध्याकाळी सात ते नऊ उघडे ठेवले, वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या ताईला मानधन देऊन बसवलं, तर खर्च फार नाही. खान्देशी मतांवर इथे नगरसेवक निवडून येतात. पुढच्या वेळी मत मागायला आले की पालकांनी फलक, भंडारा यांच्याआधी या दोन तासांबद्दल विचारावं.