दिल्ली दोन तासांवर, पण अंबडहून दिवस किती मोडतो?

नाशिक-दिल्ली विमानाचा विषय निघाला की 'दोन तासांत दिल्ली' हे हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. ओझर ते दिल्ली सरळ हवाई अंतर साधारण १,००० किलोमीटर. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, दिल्लीच्या गर्दीत उतरायला नंबर लागणं, हे धरून वेळापत्रकात दोन तास पडतात.

अंबड एमआयडीसीतल्या माणसाचा प्रवास मात्र घराच्या दारातून सुरू होतो. अंबड शहराच्या एका टोकाला, ओझर दुसऱ्या टोकाच्या पलीकडे निफाड तालुक्यात. मुंबई-आग्रा महामार्गावरची गर्दी धरून एक तास. विमानतळावर दीड तास आधी पोहोचायचं. उड्डाण दोन तास, दिल्लीत बाहेर पडायला पाऊण तास. एकूण सव्वापाच तास.

आता मुंबईमार्गे बघू. रस्त्याने १६० किलोमीटरहून जास्त, म्हणजे चार तास. विमानतळावर दोन तास, उड्डाण सव्वादोन तास, बाहेर पडायला पाऊण तास. झाले नऊ तास. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. तरीही ओझर तीन-साडेतीन तास वाचवतं.

मग अनेक जण अजूनही मुंबई किंवा रेल्वे का धरतात? कारण खरा प्रश्न विमानाच्या वेळेचा आहे. दिल्लीत सकाळी अकराची बैठक असेल आणि विमान दुपारी पोहोचत असेल, तर आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागतो. मोठ्या कंपनीला ते परवडतं. चार मशीन स्वतः सांभाळणाऱ्या छोट्या कारखानदाराचे दोन दिवस मोडतात. जानेवारी २०१९ पासून नाशिकरोडमार्गे धावणारी राजधानी रात्रभर चालते आणि सकाळी दिल्लीत उतरवते. विमानाच्या सातपट वेळ घेऊनही तिच्यात कामाचा दिवस कमी मोडतो.

दुसरी अडचण भरवशाची. जेट एअरवेजने जून २०१८ मध्ये नाशिक-दिल्ली सेवा सुरू केली, तीही आठवड्यातून तीनच दिवस. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली. एकाच कंपनीवर मार्ग टेकला की असं होतं.

म्हणून मागणी करताना फक्त 'आणखी शहरं जोडा' म्हणून भागणार नाही. सकाळी लवकर जाणारं आणि संध्याकाळी परत आणणारं विमान हवं. सकाळी सुटायचं तर विमान रात्री ओझरला मुक्कामी हवं, नाहीतर पहाटे दुसरीकडून यायला हवं. कंपनी ते तेव्हाच करेल, जेव्हा दोन्ही बाजूंनी सीट भरतील. उद्योजक संघटनांनी आपले सभासद महिन्याला दिल्लीला किती वेळा जातात, कोणत्या वारी जातात, याची यादी करून कंपन्यांपुढे ठेवली तर बोलणीत वजन येईल.

बाकी तालुक्यांनी आपापला हिशेब मांडावा. दिंडोरी, निफाड, चांदवडला ओझर जवळ. सिन्नरकरांनी शिर्डी विमानतळाच्या वेळाही बघाव्यात. इगतपुरीकरांना समृद्धीमुळे मुंबईही सोयीची पडू शकते. तिकीट काढण्याआधी उड्डाणाचे तास बघण्यापेक्षा घर ते काम आणि काम ते घर, असा पूर्ण वेळ मोजा.