पावसाळ्याचा पगार कोणाच्या खात्यात?

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालो की बेटेगाव लागते. रेल्वेच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसीत बारा महिने पाळ्या चालतात. आसपासच्या पाड्यांतली कितीतरी जोडपी मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस जवळ आला की परततात.

मध्यंतरी एक भट्टीमालक भेटला. म्हणाला, "भाऊ, एक निवेदन लिहून द्या. पावसाळ्यात भट्टी बंद. त्या चार महिन्यांचा मजुरांचा अर्धा पगार सरकारने आम्हाला द्यावा. मजूर टिकतील आणि उचलही द्यावी लागणार नाही." आपल्याच एका कार्यकर्त्याला हे पटले. मजुराला पैसे मिळणार असतील तर मालकाच्या हातून मिळाले म्हणून काय बिघडले?

मित्रांनो, बरेच बिघडते. मुळात उचल म्हणजे काय? पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मजूर मालकाकडून पैसे घेतो आणि पुढचा अख्खा हंगाम विटा थापून ते फेडतो. बंद काळातला खर्च आजही मजूरच भरतो आहे, स्वतःच्या पुढच्या श्रमातून. फक्त त्याला पगार न म्हणता कर्ज म्हणतात. या कर्जापोटी माणूस बांधला गेला की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. सरकारी मदत मालकाच्या हातात गेली तर ती याच हिशेबाच्या वहीत जमा होईल, आणि ती वही मजुराला वाचता येत नाही.

कायद्यानेही या माणसाला आधीच बाहेर ठेवले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ झालेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. पण हंगामी कारखाने आणि पन्नासपेक्षा कमी कामगारांची ठिकाणे त्यातून वगळली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे वगळणे कायम ठेवले. म्हणजे भरपाई द्यायची वेळ आली की "आम्ही हंगामी", आणि सरकारकडून घ्यायची वेळ आली तरी "आम्ही हंगामी"!

साखर कारखान्याकडे बघा. कारखान्याच्या आतल्या हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता मिळतो आणि तो कारखाना देतो. त्याच कारखान्यासाठी फडात ऊस तोडणाऱ्याला मिळते ती उचल. एकाच धंद्यात आतल्याला भत्ता आणि बाहेरच्याला कर्ज. बाहेर कोणत्या जातीची माणसे उभी आहेत, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.

बंद काळात सरकारने मदत करूच नये, असे माझे म्हणणे नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की बेकार माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कही सोडून देतो. जूनमध्ये उचल घेणारा कातकरी नेमके तेच करत असतो. म्हणून मदत हवीच, पण थेट त्याच्या नावावर. तसे करता येते. आदिवासींची खावटी योजना कित्येक वर्षे कर्ज म्हणूनच चालली. कोरोनाच्या काळात ती एका वर्षासाठी अनुदान झाली: कुटुंबामागे चार हजार, त्यातले दोन हजार थेट खात्यात आणि दोन हजारांचे धान्य-सामान. एका वर्षासाठी जे जमले ते दरवर्षी का नाही? मासेमारी बंदीतही, १ जून ते ३१ जुलै, केंद्राच्या योजनेतली मदत नोंदलेल्या मच्छीमाराला असते, बोटमालकाला नाही. (ती रक्कम तुटपुंजी आहे, ते वेगळे भांडण.)

मालकाचा वाटाही सुटता कामा नये. हजार विटांमागे ठरावीक रक्कम त्याने मजुराच्या नावाने भरावी, सरकारने त्यात आपली भर घालावी. त्यासाठी आधी हजेरीपट हवा, आणि त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव हवे. आज जोडप्याचा हिशेब एकट्या नवऱ्याच्या नावावर असतो.

त्या मालकाला मी सांगितले, निवेदन लिहून देतो, मजुरांची हजेरीसह यादी तेवढी आणा. तो म्हणाला, "यादी कशाला हवी?"

अजून आलेली नाही.