आत्याची गाडी आणि आमची अक्कल

गाडी हा आपल्या सगळ्यांचाच जिव्हाळ्याचा विषय! हॉस्टेलवर रात्री दोन वाजता कुणी नुसतं "कुठली घेऊ रे?" असं विचारलं, तरी आठ जण झोपेतून उठून सल्ला देतात. पिकअप, ॲव्हरेज, टॉर्क, रिसेल... व्हायव्हाला तोंडातून शब्द फुटत नाही, पण इथं जो तो तज्ज्ञ. मीही त्यातलाच. म्हणून घरात एक गाडी घ्यायची ठरली तेव्हा निवडीचं काम माझ्याकडं आलं, आणि ते मी साफ चुकवलं. त्या चुकीबद्दल हे चार शब्द.

गाडी घ्यायची होती माझ्या आत्यासाठी. आत्या साताऱ्याला आमच्याच घरी असते. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी, अशा थाटात तिनं तीस वर्षं शाळेत क्लार्कची नोकरी केली. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आपण टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ती माणसं आपल्यातच आहेत आणि आता त्यांचं वय होत चाललंय. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी स्नायू पुन्हा दुबळे होऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं. आत्याचे खांदे कुरकुरायला लागले, कुबडी पेलेना, आणि जी बाई रोज वाचनालयात जायची ती खिडकीत बसायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता काय वाचायचं राहिलंय?" डॉक्टर म्हणाले, आता उरलेली ताकद जपून वापरा.

तेव्हा मोबिलिटी स्कूटरचा विषय निघाला. इलेक्ट्रिक स्कूटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन चाकं येतात. ही ती नव्हे. हिला तीन किंवा चार छोटी चाकं, खुर्चीसारखी सीट, पुढं हँडलचा दांडा, आणि वेग चालणाऱ्या माणसाइतका किंवा थोडा जास्त. आपल्याकडं स्कूटरला मागं साइड व्हील लावून चालवणारे पुष्कळ दिसतात. ती लांबच्या रस्त्याची सोय. ती दुकानात किंवा वाचनालयाच्या हॉलमध्ये नेता येत नाही. आणि ज्याला दोन पावलंही टाकता येत नाहीत किंवा सरळ बसवत नाही, त्याला मोबिलिटी स्कूटरपेक्षा जॉयस्टिकवर चालणारी व्हीलचेअर बरी. आत्या चार पावलं टाकू शकते, तोल सांभाळून बसू शकते. म्हणजे प्रकार बरोबर होता. घोळ पुढं झाला.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. कागद घेतला, तक्ता आखला. टॉप स्पीड, रेंज, मोटरचे वॅट, पेलोड. ब्रिटनमध्ये पदपथावर चालणाऱ्या गाडीला ताशी ६.४ किलोमीटर आणि रस्त्यावरच्या गाडीला ताशी १२.८ किलोमीटरची मर्यादा आहे, हे वाचून मला हसू आलं. एवढ्या वेगाला काय गाडी म्हणायचं? मी चार चाकांची, ताशी १५ किलोमीटरची, पुढं एलईडी दिवे असलेली धिप्पाड गाडी पसंत केली. बाबांनी पैसे भरले. आत्याला सरप्राइज!

गाडी आली. तिची लांबी १३० सेंटिमीटर. घरातल्या बोळात ती वळेचना. सीट फिरणारी नव्हती. कॅलिपर लॉक असला की पाय सरळ राहतो. तो पाय घेऊन आत्यानं बाजूनं चढायचं कसं? वेगाचा खटका उजव्या अंगठ्यानं दाबून धरायचा होता, आणि आत्याचा दुखरा खांदा नेमका उजवा. घराला दोन पायऱ्या, त्यावर आम्ही फळी टाकली. पहिल्याच दिवशी उतरताना आत्यानं डोळे मिटून घेतले. नंतर ती कधी बसली नाही. "ठेव रे बाळा, दिवाळीला बसेन," म्हणाली. गाडी ताडपत्रीखाली गेली. पावसाळाभर चार्ज न होता उभी राहिली आणि दिवाळीपर्यंत लेड-ॲसिड बॅटऱ्या कामातून गेल्या. ही जात डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेट धरतं, हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. घरात उपयोग शून्य!

इथं सगळ्यांनी निष्कर्ष काढला की आत्याला गाडी नकोच आहे. माझाही हाच समज. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "इंजिनियरसाहेब, गाडी नको असं मी कधी म्हटलं? मला कुठं जायचंय हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का?"

मित्रांनो, खरं सांगतो, एटीकेटी लागल्यावरही इतकं ओशाळल्यासारखं झालं नव्हतं.

तिला जायचं होतं वाचनालयात, मंडईत आणि मैत्रिणीकडं. सगळं मिळून जाऊन-येऊन अडीच किलोमीटर. मी ४० किलोमीटर रेंजची गाडी घेतली होती! पण त्या अडीच किलोमीटरमध्ये काय काय आहे? आमचं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं. इथं सपाट रस्ता शोधावा लागतो. मग मी पहिल्यांदा वही घेऊन बाहेर पडलो आणि गाडीऐवजी रस्ता मोजला.

गणित साधं आहे, कुणीही करून बघा. आत्या, गाडी आणि पिशवी मिळून १२० किलो धरा. ताशी ४ किलोमीटर वेगानं सपाट डांबरी रस्त्यावर, रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०२ धरला, तर चाकाशी जेमतेम २५ वॅट लागतात. तीच गाडी त्याच वेगानं १:८ च्या चढावर चढवायची तर सुमारे १९० वॅट! सात पटींहून जास्त. म्हणजे कॅटलॉगमधली रेंज आपल्या कामाची नाही. ती सपाट जमिनीची आणि हलक्या माणसाची असते. तुमच्या गल्लीतला सगळ्यात वाईट चढ कोणता, तो गाडीला झेपतो का आणि उतरताना ती काबूत राहते का, हे बघायचं.

दुसऱ्या वेळी आम्ही आत्याला घेऊन पुण्याला गेलो. दुकानात ती अर्धा तास एकेका गाडीवर नुसती बसली. आणि तिनं जे प्रश्न विचारले ते माझ्या तक्त्यात एकही नव्हते.

"उतारावर खटका सोडला तर काय होईल?" दुकानदार म्हणाला, ब्रेक आपोआप लागतो. अशा गाड्यांना विजेवर सुटणारा ब्रेक असतो. वीज बंद की ब्रेक लागला. "मग बंद पडली तर ढकलायची कशी?" त्यासाठी मागं खटका असतो, तो ओढला की चाकं मोकळी. पण मोकळी असताना हा ब्रेक काम करत नाही, म्हणून उतारावर त्याला हात लावायचा नाही. "बॅटरी मला एकटीला काढता येईल का?" २४ व्होल्ट १२ अँपियर-अवरची लेड-ॲसिडची जोडी आठ किलोच्या आसपास भरते. लिथियमची त्याच्या निम्म्याहून हलकी, पण महाग. "डाव्या हातानं चालवता येईल का?" त्या गाडीत खटक्यांची अदलाबदल होत होती. "टायर पंक्चर झालं तर?" भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण हादरे जास्त बसतात. "आणि साताऱ्यात दुरुस्ती कोण करणार?" इथं दुकानदार प्रथमच गप्प झाला. मग आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावून, सुटे भाग आणि वायरिंगची आकृती मिळेल याची खात्री करूनच व्यवहार झाला.

शेवटी तिनं निवडली तीन चाकांची, फिरत्या सीटची, ताशी ६ किलोमीटरची गाडी. मी म्हटलं, "आत्या, तीन चाकी वळणावर कलंडू शकते." हे खरंच आहे. टेकूचा चौकोन जाऊन त्रिकोण होतो, त्यामुळं आडव्या उतारावर आणि जोरात वळताना जपावं लागतं. ती म्हणाली, "मी कधी जोरात वळलेय का रे? मला बोळात वळायचंय." निरुत्तर!

राहिल्या त्या दोन पायऱ्या. एकूण उंची ३६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं रॅम्प १:१२ पेक्षा उभा नको, म्हणजे लांबी ४ मीटर ३२ सेंटिमीटर. आमचं अंगण अडीच मीटरचं. फळीचा उतार १:७ चा पडत होता. आत्यानं डोळे मिटले ते उगीच नाही! मग मध्ये सपाट टप्पा घेऊन रॅम्प काटकोनात वळवला. गवंडी म्हणाला, एवढ्या दोन पायऱ्यांना एवढा लांब रॅम्प? आत्या आता रोज त्यावरून डोळे उघडे ठेवून उतरते. पहिल्या दिवशी मी मागून चालायला लागलो तर वळून म्हणाली, "तू घरी जा. मी एकटी जाणारे."

तर माझं मत असं. अशी गाडी निवडताना आधी माणूस मोजा, मग रस्ता मोजा आणि सगळ्यात शेवटी गाडी बघा. आणि निवडीचा शेवटचा शब्द जो बसणार त्याचाच हवा. काही जण म्हणतील, वडीलधाऱ्यांना टेक्निकल काय कळतं? पडल्या-बिडल्या तर जबाबदारी कुणाची? काळजी खोटी नाही. ज्याची नजर फार अधू आहे किंवा ज्याला चक्कर येते, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. नुसती सवय सुटल्यानं पाय दुबळे झाले असतील, तर कदाचित चालण्याचा व्यायामच योग्य ठरेल. पण काळजी वेगळी आणि परस्पर ठरवून टाकणं वेगळं. आपण प्रेमापोटी ठरवतो आणि मग वस्तू ताडपत्रीखाली गेली की म्हणतो, त्यांना कदर नाही.

जाता जाता इतिहासातली एक गोष्ट. १९६८ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ॲलन थीम नावाच्या प्लंबिंगचा व्यवसाय करणाऱ्या माणसानं अशी एक गाडी बनवली, घरातल्याच एका आजारी व्यक्तीसाठी. नाव ठेवलं 'अमिगो', म्हणजे मित्र. ज्याच्यासाठी गाडी तो माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याकडं काय होतं? दर वर्षी प्रोजेक्ट प्रदर्शनात एक तरी 'व्हॉइस कंट्रोल व्हीलचेअर' असतेच. बक्षीस मिळतं, फोटो निघतात, एप्रिलमध्ये मोटर काढून पुढच्या बॅचला विकली जाते. त्यातल्या किती ग्रुप्सनी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरी माणसाशी बोलून सुरुवात केली? आयआयटी मद्रासमधून व्हीलचेअरला पुढं जोडायचं 'निओबोल्ट' हे विजेवरचं यंत्र निघालं, ते २०२१ मध्ये बाजारात आलं. म्हणजे आपल्या देशात, कॉलेजच्या आवारातून असं काम होऊ शकतं. प्रश्न फक्त सुरुवात कुठून करायची याचा आहे.

आणि आपल्या आवाराचं काय? समिती येणार म्हणून मेन बिल्डिंगला जो रॅम्प बांधला तो मी टेपनं मोजला. उंची ४५ सेंटिमीटर, लांबी २७० सेंटिमीटर. म्हणजे १:६! वर पायथ्याशी आपल्याच बाइक लावलेल्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. रॅम्प मोडून नव्यानं बांधणं आपल्या हातात नाही, मान्य. पण बाइक बाजूला लावणं तर आहे?

गॅदरिंगला आत्या येते म्हणालीय. गाडी घेऊन. तेवढ्या एका दिवशी तरी रॅम्प मोकळा ठेवा रे! चढाचं गणित मी करून ठेवलंय. दोघांनी मागून हात लावावा लागेल, आणि ती गोष्ट तिला बिलकुल आवडणार नाही.