7 नोव्हेंबर दोन आहेत, आपण एकच साजरा करतो

दरवर्षी 7 नोव्हेंबरला साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूलमध्ये पुढारी येतात, हार घालतात, फोटो काढतात आणि जातात. 1900 साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव या शाळेच्या रजिस्टरला लागलं. 2017 पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. बरोबर 38 वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 ला, हेच बाबासाहेब आमदार होते आणि मुंबईत कामगारांच्या एक दिवसाच्या संपाच्या पुढं उभे होते. सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात. त्या 7 नोव्हेंबरचा एक फ्लेक्स मला अजून साताऱ्यात दिसलेला नाही, सांगलीतही नाही.

का नाही, हे उघड आहे. पहिल्या तारखेत बाबासाहेब लहान आहेत, वर्गात बसलेत, कुणाला त्रास नाही. दुसऱ्या तारखेत ते सरकारला आडवे जातायत. पहिली तारीख स्टेजवर चालते. दुसरी चालत नाही, कारण ती स्टेजवर बसलेल्यांनाच प्रश्न विचारते: तुम्हीही आमदार आहात, मग तुम्ही सभागृहात काय केलं?

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी जवळजवळ बारा वर्षं, 1927 ते 1939, हा माणूस मुंबईच्या कायदेमंडळात बसत होता. आधी नेमलेला सदस्य म्हणून, 1937 पासून मुंबईतून निवडून आलेला सदस्य म्हणून. आणि ते कायदेमंडळ आपलंच होतं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुकेही होते. तिथं झालेला कायदा आपल्या आजोबा-पणजोबांना लागू होत होता.

सातारा त्यांनी पुस्तकातून पाहिलेला नव्हता. 1901 साली वडिलांना भेटायला ही पोरं साताऱ्याहून निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एक बैलगाडीवाला बसवून घेईना. शेवटी दुप्पट पैसे मोजून, गाडी स्वतः हाकून जायचं ठरलं. वाटेत पाणी मिळालं नाही. मसूर आजही आपल्या कराड तालुक्यात आहे.

हा मुलगा पुढं बॅरिस्टर झाला. आता वकिलाने काय करावं? कोर्टात जावं. गेलेच ते. पण कोर्टाची चाल बघा. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करा, असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली कायदेमंडळात झाला होता. ठराव कागदावर राहिला. मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. डिसेंबरात विरोधकांनी दावा ठोकला. तो दावा लढता लढता हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं!

म्हणजे नुसता ठराव पुरत नाही, नुसता मोर्चा पुरत नाही आणि नुसतं कोर्टही पुरत नाही. कायदा जिथं तयार होतो तिथं माणूस पाहिजे. बाबासाहेबांनी 1927 च्या फेब्रुवारीत सभागृहात शपथ घेतली आणि मार्चमध्ये ते महाडला होते. एकीकडं रस्ता, एकीकडं कोर्ट, एकीकडं सभागृह. तिन्ही एकाच वेळी.

आता सभागृहातलं काम बघू. शपथ घेतल्यावर काही दिवसांत अर्थसंकल्पावर बोलले. मुद्दा काय? शेतकरी कितीही गरीब असला तरी त्याला शेतसारा चुकत नाही, आणि पगारदाराला मात्र ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ. हा कुठला न्याय? पुढं शिक्षणावर बोलताना सरकारला सुनावलं की दारूच्या महसुलातून जेवढं गोळा करता, त्या मानाने शिक्षणावर काहीच खर्च करत नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी हे वाचलं तरी आपल्याच जिल्ह्यातलं वाटतं.

1928 ला महार वतनाबद्दल विधेयक आणलं. वतन म्हणजे काय, तर चोवीस तास सरकारची आणि गावाची कामं करायची, मोबदला तुटपुंजा, आणि घरातला कर्ता गैरहजर असला तर घरातल्या दुसऱ्याने राबायचं. विधेयक पास झालं नाही, मागं घ्यावं लागलं. त्याच वर्षी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 ला तो कायदा झाला. 1937 ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. तेही विधेयक पास झालं नाही.

आणि मग 1938 चं औद्योगिक कलह विधेयक. सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. संपावर बंधनं घालणारं विधेयक. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं: काम सोडलं म्हणून माणसाला शिक्षा करणं म्हणजे त्याला गुलाम करणं. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद राहिले त्या कम्युनिस्टांबरोबर त्यांनी 7 नोव्हेंबरचा संप केला. विधेयक तरीही पास झालं.

थोडक्यात, हा आमदार सभागृहात बहुतेक वेळा हरला.

पण हरलेल्या विधेयकांचं पुढं काय झालं तेही बघा. खोती 1949 च्या कायद्याने गेली. कनिष्ठ ग्रामवतनं 1958 च्या कायद्याने गेली. पहिल्यांदा कुणीतरी उभं राहून, आकडे मांडून, कामकाजात नोंद करून ठेवली होती. हरलेलं विधेयक पुढच्या कायद्याचं बी असतं.

इथं आपल्याकडची मंडळी म्हणतील, "अहो, ते दिवस वेगळे. आता आमदाराचं काम म्हणजे निधी आणणं. रस्ता, बंधारा, समाजमंदिर. आणि पक्षाचा व्हीप असतो, कोण बोलणार?"

निधी आणा की, नको कोण म्हणतंय? पण बंधाऱ्याचा नारळ फोडायला आमदारच कशाला पाहिजे, ते काम सरपंचही करतो. कायदा करायला मात्र फक्त आमदारच लागतो. आणि व्हीप मतदानाला असतो. तारांकित प्रश्न टाकायला व्हीप आड येत नाही. लक्षवेधी मांडायला येत नाही. मंत्री नसाल तर अशासकीय विधेयक आणायला येत नाही, त्यासाठी तर कामकाजात वेळ राखून ठेवलेला असतो. तोंड बंद ठेवा, असं दहाव्या परिशिष्टात कुठंही लिहिलेलं नाही.

जुलै 2025 मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा. त्यावर लोकांच्या 12 हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. विधानसभेत उभं राहून विरोध नोंदवला तो माकपच्या एकट्या विनोद निकोले यांनी. कायदा तुम्हाला पटो न पटो, 288 जणांच्या सभागृहात तुमच्या हक्कांवर एवढीच चर्चा तुम्हाला पुरेशी वाटते का?

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी किमान 14 दिवसांची नोटीस लागते. कुपवाड, शिरवळ, सातारा एमआयडीसीतल्या पोरांना हे कुणी समजावून सांगितलं? 1938 चाच प्रश्न परत दारात आलाय, आणि 7 नोव्हेंबरला आपण फक्त शाळेचं रजिस्टर दाखवतोय.

आणि ऊसतोडणीच्या बायका? 1929 ला गिरणीतल्या बाईला बाळंतपणाचा भत्ता कायद्याने मिळाला. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांचा ऊस तोडणारी बाई पालात बाळंत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. कोयता थांबला की पैसे थांबले, वर खाड्याचे पैसे कापले जातात ते वेगळेच. साखर कारखानदारीवर राजकारण उभं असलेल्या दोन जिल्ह्यांतून यावर विधेयक यायला नको?

साताऱ्याचे 8 आणि सांगलीचे 8, असे आपले 16 आमदार. कुठल्या पक्षाचे ते बाजूला ठेवा. माझी मागणी एकच आहे. येत्या 7 नोव्हेंबरला हार घालायला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. त्यावर लिहावं: गेल्या वर्षात किती प्रश्न विचारले, कुठल्या विधेयकावर किती मिनिटं बोललो, कुठली दुरुस्ती सुचवली, कुठलं अशासकीय विधेयक मांडलं. मंत्री असतील त्यांनी आपल्या खात्याने कुठला कायदा आणला आणि तो कुणाच्या भल्याचा, ते लिहावं. कागद भरलेला असेल तर टाळ्या वाजवू, मी स्वतः वाजवीन. कोरा असेल तर हार परत न्यावा.

आणि आपणही एक काम करू. बाबासाहेबांची मुंबई कायदेमंडळातली भाषणं राज्य सरकारनेच 1982 साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात तो खंड आहे का, बघा. नसेल तर यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे दोन तास कमी करा आणि तो आणा. इंग्रजी येणाऱ्या पोरांनी चार पानं मराठीत करून चावडीवर वाचून दाखवा. विषय तेच आहेत: शेतसारा, शाळा, दारू, बाळंतपण, संप.

जयंतीला गर्दी जमवणं सोपं आहे. आमदाराला हिशोब मागणं अवघड आहे, कारण उद्या त्याच्याकडंच दाखल्यासाठी जायचं असतं. मसूरच्या स्टेशनवर गाडी न मिळालेल्या पोराने पुढं सरकारकडं हिशोब मागितला, तोही सभागृहात उभं राहून. आपल्याला तर फक्त आपल्याच आमदाराला विचारायचंय.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा.

जय भीम.